सुजेभोवती पेनाची रेघ

शेतात रेडिओ लावून वेचणी करत असाल तर हात चालू ठेवा, कान तेवढे इकडे द्या. आज बोलायचं आहे ते त्या हाताबद्दलच.

मी नर्स. दर्यापूर तालुक्यातल्या उपकेंद्रांत माझी नोकरी झाली. आता निवृत्त आहे, पण गावात काही दुखलं-खुपलं तर बाया अजून माझ्याच ओट्यावर येतात. मागच्या पंधरवड्यात अशीच एक पोरगी आली. कापूस वेचताना बोंडाचं वाळलेलं टोक तिच्या नखाच्या कडेला घुसलं होतं. बोट लालबुंद, फुगलेलं. म्हणाली, "बाई, सुजीची एक सुई मारून द्या ना. उद्या वेचाले जा लागते."

मी म्हटलं, "किती दिवस झाले वं माय?"

"परवा लागलं. रातभर ठणकते. पण घरी बसून कसं चालन? मजुरी किलोवर हाय."

तिचं काही चुकत नव्हतं. जितके किलो वेचले तितके पैसे. बोट वळत नाही म्हणजे तेवढा कापूस झाडावर आणि तेवढे पैसे गेले. त्यामुळे सूज तिला चोरासारखी वाटत होती. मी तिला सुई दिली नाही. बोटाकडे नीट पाहिलं, आणि लाली जिथं संपत होती तिथं बॉलपेननं एक रेघ काढली. ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. ती रेघ कशासाठी, ते आज सांगते.

आधी हे पाहू की सूज येते तेव्हा आत काय चालतं.

बोट लाल होतं, गरम लागतं, फुगतं आणि दुखतं. या चार खुणा सेल्सस नावाच्या रोमन लेखकानं सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवल्या आहेत. आपले वैद्य याला शोथ म्हणत आले. पाचवी खूण तुम्हाला सांगायला नको. ते बोट काम करत नाही.

आपल्याकडे हरभरा-तुरीच्या दिवसांत रात्रीची जागल असते. घरचा माणूस मचाणावर बसतो. रोही आली, रानडुकरं शिरली, की तो डबा वाजवतो, आरोळी देतो. शेजारच्या शेतातला ऐकतो, तोही आरोळी देतो. बघता बघता शिवार जागं होतं. आपल्या कातडीखालीही असेच जागले बसलेले असतात. डॉक्टर त्यांना मॅक्रोफेज म्हणतात. या पेशी जन्मापासून आपल्या सोबत असतात. लस घेतली असो वा नसो, आजार आधी झालेला असो वा नसो, यांची जागल चालूच असते. म्हणून या संरक्षणाला जन्मजात प्रतिकारशक्ती म्हणतात.

आता जागल्याला अंधारात कसं कळतं की हा आपला बैल नाही, रोही आहे? आवाजावरून, चालीवरून. आपल्या पेशींनाही असंच कळतं. जंतूंच्या अंगावर असे काही पदार्थ असतात जे आपल्या शरीरात कुठंच नसतात. जागल्या पेशींच्या अंगावर ते ओळखणाऱ्या खाचा असतात. कुलपात किल्ली बसावी तसा जंतूचा तो पदार्थ त्या खाचेत बसतो, आणि आत निरोप जातो.

ही गोष्ट कळली ती एका माशीमुळे. जास्त पिकलेल्या केळीवर बारीक माशा घोंगावतात ना, त्यातली. फ्रान्समध्ये ज्यूल्स हॉफमन आणि त्यांच्या सोबतच्यांनी १९९६ साली दाखवलं की, टोल नावाचा गुण बिघडलेल्या माशा बुरशीपुढे टिकत नाहीत, मरून जातात. दोन वर्षांनी, १९९८ साली, अमेरिकेत ब्रूस ब्यूटलर यांना उंदरांत त्याच जातीची खाच सापडली. ती जंतूच्या कवचाचा एक भाग ओळखते. माणसातही अशा खाचा आहेत. त्यांना टोलसारख्या खाचा असंच नाव पडलं. २०११ साली या दोघांना नोबेल पुरस्कार मिळाला. तिसरे मानकरी होते राल्फ स्टाइनमन.

खाचेत किल्ली बसली. आता पेशीच्या आत काय होतं? पेशीच्या मधोमध एक केंद्र असतं. तिथं शरीराचं सगळं रजिस्टर ठेवलेलं आहे, काय बनवायचं आणि कसं बनवायचं याचं. केंद्राबाहेर एक निरोप्या बसलेला असतो. त्याचं शास्त्रातलं नाव एनएफ कप्पा बी. नाव विसरलात तरी चालेल, काम लक्षात ठेवा. एरवी त्याला जागचं हलता येत नाही, कारण एक सोबती त्याचा हात घट्ट धरून बसलेला असतो. धोक्याचा निरोप आला की पेशी त्या सोबत्याला मोडून टाकते. हात सुटतो. निरोप्या धावत केंद्रात शिरतो, रजिस्टर उघडतो आणि हुकूम सोडतो की आरोळी द्या.

ही आरोळी म्हणजे पेशीतून बाहेर पडणारे रसायनांचे निरोप. टीएनएफ, इंटरल्युकिन एक, इंटरल्युकिन सहा अशी त्यांची नावं आहेत. हे निरोप पोचले की जवळच्या रक्तवाहिन्या रुंद होतात. रक्त जास्त येतं, म्हणून बोट लाल आणि गरम. वाहिन्यांच्या भिंती थोड्या सैल होतात, पाणी बाहेर झिरपतं, म्हणून सूज. त्याच फटींतून रक्तातल्या पांढऱ्या पेशी बाहेर पडतात आणि जंतूंवर तुटून पडतात. काही तासांतच त्या पोचू लागतात. आपण ज्याला पू म्हणतो त्यात बहुतेक याच लढून मेलेल्या पेशी असतात. त्या जागी प्रोस्टाग्लँडिन नावाचा पदार्थ तयार होतो, तो दुखण्याच्या नसा जाग्या करतो, म्हणून ठणका. निरोप जास्त झाले तर रक्तातून मेंदूपर्यंत जातात आणि ताप येतो. यकृतापर्यंत जातात तेव्हा यकृत सीआरपी नावाचा पदार्थ बनवतं. डॉक्टर सीआरपीची तपासणी लिहून देतात ती याचसाठी, की शिवारात आरोळी किती मोठी आहे ते रक्तावरून कळावं.

म्हणजे त्या पोरीचं बोट सुजलं, कारण आत काम चालू होतं.

आता यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. निरोप्या केंद्रात शिरून जे पहिले हुकूम सोडतो, त्यातला एक असतो नवा सोबती तयार करण्याचा. त्याचा हात पुन्हा धरणारा! आरोळी देतानाच आरोळी थांबवायची सोय तो करून ठेवतो. शिवाय आपल्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी कॉर्टिसॉल सोडतात, तेही हा गलबला शांत करतं. जंतू संपले की नवा सोबती हात धरतो, सूज उतरते, कातडी भरून येते. निरोगी शरीरात आरोळी वेळेवर उठते आणि वेळेवर थांबते.

पण ती थांबलीच नाही तर काय होतं, हे आपल्या वऱ्हाडानं पाहिलं आहे. २०२१ चा फेब्रुवारी आठवा. शेतात हरभरा सोंगणीला आला होता. कोरोना ओसरला असं बाकी महाराष्ट्राला वाटत होतं, आणि दुसरी लाट उठली ती आपल्या अमरावती-अकोल्याकडून. २२ फेब्रुवारीपासून अमरावती आणि अचलपूर शहरं बंद झाली. अकोल्यातही निर्बंध आले.

त्या आजारात बहुतेकांचा ताप आठवडाभरात उतरला. पण काहींच्या बाबतीत सातव्या-आठव्या दिवशी वेगळंच घडलं. विषाणू कमी होत आला होता, पण आरोळी वाढतच गेली. फुप्फुसातल्या वाहिन्या सैल झाल्या, हवेच्या जागी पाणी झिरपलं, ऑक्सिजन खाली गेला. बोटावर येते तीच सूज फुप्फुसात आली. बोट फुगलं तर वेचणी थांबते, फुप्फुस फुगलं तर श्वास थांबतो.

अशा वेळी उपयोगी पडलं एक जुनं, स्वस्त औषध, डेक्सामेथासोन. हे स्टिरॉइड आहे, आपल्या कॉर्टिसॉलच्याच जातीचं. ते निरोप्याला आवरतं. ब्रिटनमध्ये सहा हजारांहून अधिक रुग्णांवर त्याची तपासणी झाली आणि जून २०२० मध्ये निकाल आला. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं कमी झाले, ऑक्सिजनवरच्या रुग्णांतले एक पंचमांशानं. पण ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता, त्यांना काहीच फायदा झाला नाही. आकडे उलट थोडे नुकसानीकडे झुकत होते. औषध तेच, फरक वेळेचा. आरोळी हाताबाहेर गेली तेव्हा आवरलं तर जीव वाचतो. लढाई नुकतीच सुरू झाली असताना जागल्यांचं तोंड दाबलं तर रोही पीक खाऊन जाते.

आणि इथं मला माझी चूक सांगायची आहे. मी नर्स असून ती केली, म्हणून मुद्दाम सांगते.

त्या मार्चमध्ये माझ्या दिराला ताप आला. दुसराच दिवस होता. ऑक्सिजन अठ्ठ्याण्णव. कुणाची तरी औषधाची चिठ्ठी मोबाईलवर फिरत होती, तीत स्टिरॉइडच्या गोळ्या होत्या. जावेनं मला विचारलं, "ताई, देऊ का?" मी भ्यायले होते. गावात रोज कुणी ना कुणी जात होतं. मी म्हटलं, "दे." दुसऱ्या दिवशी ताप गेला, अंगदुखी गेली, भाऊजी हसायला लागले. आम्हाला वाटलं, सुटलो. हरभऱ्याचं मळणीयंत्र आलं तेव्हा ते खळ्यावर जाऊन उभे राहिले. आम्ही ऑक्सिजन मोजणं सोडून दिलं. कशाला मोजायचं, ताप कुठं होता? आठव्या दिवशी ओसरीवर चढताना त्यांना धाप लागली. बोटाला यंत्र लावलं तर शहाऐंशी.

अमरावतीला दवाखान्यात सतरा दिवस काढले. भाऊजी वाचले. पण साखर चारशेच्या वर गेली होती, ती आजही गोळ्यांवर आहे. सगळं त्या गोळ्यांमुळेच झालं असं मी म्हणणार नाही. आजार गंभीर होताच. पण ताप हा निरोप होता. तो मी वाचला नाही, नुसता दाबला, आणि निरोप बंद झाला म्हणजे आजार बंद झाला असं समजून बसले. माझी जाऊ मला कधी काही बोलली नाही. तिनं बोलायला हवं होतं असं मला अजून वाटतं.

त्याच वर्षी काळी बुरशी आली. मे २०२१ मध्ये केंद्र सरकारनं तिची प्रत्येक केस नोंदवायला राज्यांना सांगितलं. वाढलेली साखर आणि गरजेपेक्षा जास्त किंवा लवकर दिलेलं स्टिरॉइड, ही तिची दोन मोठी कारणं होती. जागले गप्प केले आणि बुरशीला रान मोकळं मिळालं.

तुम्ही म्हणाल, कोरोना गेला, आता याचं काय? आता याचं असं की आठवडी बाजारात गुडघेदुखीच्या पुड्या मिळतात. "जडीबुटी हाय, काही नुकसान नाही," म्हणून कुणी देतं. दोन दिवसांत गुडघे मोकळे, भूक वाढते, तोंडावर तेज येतं. अशा बिननावाच्या औषधांत पुष्कळदा स्टिरॉइड मिसळलेलं असतं. काही महिन्यांनी चेहरा चंद्रासारखा गोल होतो, पोट सुटतं, कातडी पातळ पडते, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात आणि छोटी जखमही चिघळते. कुणी अशा पुड्या बरेच दिवस घेत असेल तर आज ऐकून उद्या एकदम बंद करू नका. बाहेरून औषध मिळत राहिलं की आपल्या ग्रंथी कॉर्टिसॉल बनवणं कमी करतात. अचानक बंद केलं तर चक्कर येते, रक्तदाब पडतो, जीवावरही बेततं. पुडी सोबत घेऊन सरकारी दवाखान्यात जा. डॉक्टर हळूहळू सोडवतील. दमा, संधिवात, कातडीचे काही आजार यांत डॉक्टरांनी दिलेलं स्टिरॉइडही मनानं सोडू नका. तिथं आरोळी विनाकारण चालू असते, तिला आवरणंच बरोबर.

आणखी एक गोष्ट. काहींच्या शिवारात आरोळी उठतच नाही, किंवा फार हळू उठते. तान्ह्या बाळाचे जागले नवखे असतात. त्याच्या रक्तात जंतू गेले तरी ताप येईलच असं नाही. उलट अंग गार पडतं, बाळ दूध ओढत नाही, मलूल पडतं, रडणं बारीक होतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्याच बायांना या खुणा ओळखायला शिकवलं, उपचार द्यायला शिकवलं. एकोणचाळीस गावांत बाळांचे मृत्यू साठ टक्क्यांहून अधिक कमी झाले. १९९९ साली हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी येते ना, त्यामागे ही विदर्भातल्या बायांची कमाई आहे. तिला दारातून परत पाठवू नका.

मधुमेह असलेल्यांचंही तसंच. वाढलेल्या साखरेत पांढऱ्या पेशी नीट लढत नाहीत, पायाच्या नसा बधिर होतात. काटा रुतला तरी दुखत नाही. दुखत नाही म्हणून बरं आहे, असं त्यांनी समजू नये. रोज रात्री पाय धुऊन तळवे पाहावेत. दिसत नसेल तर नातवाला पाहायला सांगावं.

आता त्या पोरीच्या बोटाकडे येऊ. मी काय केलं ते सांगते, तुम्हीही करू शकता.

सगळ्यात आधी बोटातली अंगठी काढली. सूज वाढली की अंगठी रुतते आणि रक्त अडतं. साबण आणि वाहत्या पाण्यानं हात धुतला. चुना, तंबाखू, शेण, राख यांतलं काही लावू दिलं नाही. सोसवेल इतक्या कोमट पाण्यात दिवसातून तीन-चार वेळा बोट बुडवून ठेवायला सांगितलं, हात उशीवर उंच ठेवायला सांगितला. काट्यानं किंवा सुईनं फोडायचं नाही, पू झाला तर दवाखान्यात काढून घ्यायचा. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं ते विचारलं, आठवेना म्हणून दवाखान्यात घ्यायला पाठवलं. दुखण्याची साधी गोळी डॉक्टरांना विचारून घेता येते, ती ठणका कमी करते. पण जंतू मारत नाही, हे लक्षात ठेवा.

आणि ती रेघ. लाली जिथं संपते तिथं पेनानं रेघ काढायची, बाजूला वेळ लिहायची. सकाळी पाहायचं. लाली रेघेच्या आत आली तर जागले जिंकत आहेत. रेघ ओलांडून बाहेर गेली तर त्याच दिवशी दवाखाना. हातावरून वर चढणारी लाल पट्टी दिसली, काखेत दुखरी गाठ म्हणजे अवधाण आलं, थंडी वाजून ताप आला, तरी त्याच दिवशी. आणि माणूस बरळायला लागला, श्वास भराभर चालला, लघवी कमी झाली, हातपाय गार पडले, तर दिवस उजाडायची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. आरोळी तेव्हा रक्तातून साऱ्या अंगात पसरलेली असते, आणि तिथं तासांचा हिशोब असतो.

त्या पोरीची लाली दुसऱ्या सकाळी रेघेच्या बाहेर गेली होती. मीच तिला घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले. डॉक्टरांनी छोटी चीर देऊन पू काढला, जंतूंवरच्या गोळ्या दिल्या. चौथ्या दिवशी बोट वळायला लागलं. सूज मारायची सुई घेऊन ती वेचायला गेली असती तर ठणका कळला नसता आणि पू आत वाढत राहिला असता.

पण तिचे चार दिवस बुडाले, ते कोण भरून देणार? तिनं हे मला विचारलं, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर तिच्या बचत गटानं दिलं. गटाच्या अध्यक्षीणबाईंनी बैठकीत विषय काढला आणि ठराव केला की वेचणीच्या हंगामात हाताला लागलं तर सदस्येला चार दिवसांच्या मजुरीइतकी रक्कम बिनव्याजी द्यायची, पुढच्या हप्त्यांत फेडायची. रक्कम मोठी नाही. पण सुई मारून कामावर जायची घाई त्यामुळे थांबते. माझ्या सगळ्या शास्त्रापेक्षा तो ठराव जास्त कामाचा आहे.

तुमच्या गटाची पुढची बैठक होईल तेव्हा हा विषय काढून पाहा. आणि पिशवीत साबणाची वडी व बॉलपेन ठेवा. पेन फक्त सहीपुरता नसतो.

हात सांभाळा, बायांनो.